उजवा हात ७०, डावा हात ६०

१९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे. अवघ्या चौदा नोंदींची. एका बाजूला शरीराचा अवयव, दुसऱ्या बाजूला आकडा. उजवा हात कोपरातून किंवा त्याच्या वर तुटला तर ७०. डावा तसाच तुटला तर ६०. उजवा हात कोपराखाली गेला तर ६०, पाय गुडघ्यातून किंवा वर गेला तरी ६०. डावा हात कोपराखाली, पाय गुडघ्याखाली, ऐकण्याची शक्ती कायमची आणि पूर्ण गेली तर प्रत्येकी ५०. एक डोळा ३०. हाताचा अंगठा २५. एका पायाची सगळी बोटे २०. अंगठ्याचे एक पेर, तर्जनी, पायाचा अंगठा यांना प्रत्येकी १०. हाताचे दुसरे कोणतेही एक बोट ५. कमाई करण्याची कुवत किती टक्क्यांनी घटली, ते सांगणारे हे आकडे आहेत.

या चौदा नोंदींत एकही विशेषण नाही. रक्त नाही, वेदना नाही, बायको-मुले नाहीत. तरीही त्या वाचताना मन हलते. कवितेचे रसग्रहण करताना कवीने काय सांगितले आणि काय न सांगता सोडले, हे आपण पाहतो. कायद्याचे वाचनही तसेच करता येते, कारण त्यातला प्रत्येक शब्द कुणीतरी भांडून आत आणलेला असतो किंवा भांडून बाहेर ठेवलेला असतो. हा कायदा झाला त्या काळात केंद्रीय विधिमंडळात कामगारांच्या बाजूने उभा राहणारा आवाज एका मराठी माणसाचा होता: नारायण मल्हार जोशी. माणसाचा हात, त्याची राहायची खोली आणि त्याची संघटना हे तीन विषय त्यांनी पाव शतकभर सोडले नाहीत. हे तिन्ही एकाच माणसाच्या जगण्याचे भाग आहेत, आणि त्यातला एक सुटला की उरलेले दोन्ही लंगडे पडतात, हे त्यांच्या संसदीय कामाचे सार आहे, असे मला वाटते.

हे सगळे मी लोणी काळभोरहून लिहितो आहे, हेही सांगायला हवे. पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव एके काळी शेतीचे. आज इथे तेल कंपन्यांच्या साठवण टाक्या आहेत, टँकरच्या रांगा आहेत, गोदामे, गॅरेज आणि बांधकामे आहेत. या कामांवरची पुष्कळ माणसे ठेकेदाराकडून येतात आणि भाड्याच्या खोलीत राहतात. अशा गावात बसून शंभर वर्षांपूर्वीची ती अनुसूची वाचली की ती जुनी वाटत नाही.

जोशींचा जन्म १८७९चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षण पुण्यात. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने हे तिचे काम. १९१९मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२०मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. आणि १९२१पासून ते केंद्रीय विधिमंडळात आले. तेही निवडून नव्हे, सरकारने नेमलेले सदस्य म्हणून. मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि कर यांच्याशी बांधलेला होता. ज्यांच्यासाठी ते बोलत, त्या गिरणी कामगारांना त्यांना मत देण्याची सोयच नव्हती.

ही स्थिती अवघड होती. सरकारने नेमले म्हणून राष्ट्रवादी बाकांना संशय. कामगारांचे बोलतो म्हणून मालकांना राग. मवाळ म्हणून पुढे जहाल कामगार पुढाऱ्यांना नापसंत. पाठीशी मतदारसंघ नाही, पक्षाची फळी नाही. अशा माणसाच्या हाती एकच बळ उरते: मुद्दा. म्हणून त्यांचे संसदीय काम भाषणबाजीने गाजण्यापेक्षा ठराव, दुरुस्त्या, विधेयके आणि प्रश्न यांतून साकारले. १९२४मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेचे आणि साहाय्याचे विधेयक केंद्रीय सभागृहात मांडले. ते फेटाळले गेले. १९२९मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. फेटाळलेले विधेयकही वाया जात नाही, ते पुढच्या सभागृहासाठी मसुदा होऊन राहते.

आता त्या अनुसूचीकडे परत जाऊ. कायद्याचा मसुदा सरकारी होता. त्यामागे इंग्लंडचा कायदा होता, वॉशिंग्टनची परिषद होती, देशातली कामगार चळवळ होती. आधीचे चित्र काय होते? यंत्रात हात गेला तर कामगाराने मालकाचा दोष कोर्टात सिद्ध करायचा. ज्याचा हात गेला आहे आणि मजुरी बंद झाली आहे, त्याने वकील लावायचा. मालक उदार असेल तर चार पैसे द्यायचा, नसेल तर गाडीभाडे देऊन गावी पाठवायचा. नव्या कायद्याने मालकाच्या दोषाचा प्रश्नच मुळापासून काढून टाकला. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे. दयेची जागा देण्याने घेतली. अनुसूचीत विशेषण नाही, त्याचे कारण हेच. दयेला विशेषणे लागतात. देण्याला आकडा लागतो.

आकडे एक-एक करून वाचले तर त्यांतून त्या काळचा कारखाना दिसायला लागतो. उजव्या आणि डाव्या हातात दहा टक्क्यांचा फरक आहे, कारण यंत्रावर उजवा हात चालतो. मग डावखुऱ्या कामगाराचे काय? अनुसूची त्याला ओळखत नाही. अंगठ्याला २५ आणि तर्जनीला १० आहेत, कारण अंगठा गेला की पकड जाते, हातात हत्यार धरता येत नाही. करंगळीला ५. ऐकू येणे पूर्ण बंद झाले तर ५०, म्हणजे गुडघ्याखालच्या पायाइतके. अपघातात बहिऱ्या झालेल्या कामगाराच्या कानाला कायद्याने अर्ध्या माणसाची किंमत दिली, हे त्या काळी कमी नव्हते. अनुसूचीखाली एक टीपही आहे: अवयव जागेवर आहे पण त्याचा उपयोग पूर्ण आणि कायमचा संपला आहे, तर तो गेला असेच धरायचे. निर्जीव होऊन लोंबणाऱ्या हाताकडे बोट दाखवून, हात तर आहे ना, असे म्हणायची वाट मालकाला या एका ओळीने बंद केली.

याहून खोल ओळ कायद्याच्या पोटात आहे. प्रौढ कामगार अपघातात मेला तर त्याच्या माणसांना ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. कामगार वाचला, पण कायमचा आणि पूर्ण निकामी झाला, तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली कमी ती. म्हणजे मरणापेक्षा अपंगत्वाला अधिक. पहिल्या वाचनात हे उलटे वाटते. मरण सर्वांत मोठे नुकसान, मग त्याची भरपाई सर्वांत मोठी हवी, असे मनात येते. पण कायदा कमाईचा हिशोब करतो आहे. गेलेल्या माणसाच्या मागे कुटुंब उरते. निकामी झालेल्या माणसाच्या मागे कुटुंब उरते आणि तो स्वतःही उरतो. त्याला जेवायचे आहे, औषध घ्यायचे आहे, कुणाच्या तरी आधाराने उठायचे-बसायचे आहे. तो जिवंत आहे, याचा खर्च कायद्याने मांडला. ३० आणि ४२ यांच्यातले ते बारा महिने म्हणजे अपंग माणसाला जगायचे आहे याची सरकारी कागदावर झालेली कबुली. मराठी करुण कवितेत मी पुष्कळ अश्रू वाचले आहेत. पण जगणाऱ्या अपंग माणसाची इतकी रोकडी दखल फार थोड्या ओळींत सापडली.

हिशोब मांडून पाहू. समजा, पगार महिना ३० रुपये. मृत्यूचे ९०० रुपये. पूर्ण अपंगत्वाचे १,२६०. त्याच्या ७० टक्के म्हणजे उजव्या हाताचे ८८२, डाव्याचे ७५६. अंगठ्याचे ३१५, तर्जनीचे १२६, करंगळीचे ६३. उजवा हात आणि मरण यांच्यात १८ रुपयांचे अंतर आहे. हे आकडे बोचतात, आणि ते बोचायलाच हवेत. शरीराला किंमत लावणे हीनपणाचे आहे, असे म्हणायचा मोह होतो. पण किंमत लावली नव्हती, तेव्हा ती शून्य होती.

आणखी तीन कलमे जाता जाता वाचण्यासारखी नाहीत, थांबून वाचण्यासारखी आहेत. मृत्यूची भरपाई मालकाने थेट विधवेच्या हातात द्यायची नाही, या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करायची. असे केले नाही तर सावकार, मुकादम आणि नातेवाईक यांच्या वाटेत ती रक्कम विरघळली असती. दुसरे, काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी भरपाईची जबाबदारी ज्याच्या धंद्याचे काम आहे त्या मूळ मालकावर. त्याने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी. तिसरे, भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्द समजायचा. भुकेला माणूस कशावरही अंगठा उठवतो, हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच हे तिसरे कलम सुचू शकते. लोणी काळभोरच्या एखाद्या गोदामात ठेकेदाराच्या माणसाकडून कोऱ्या कागदावर सही घेतली जाते, तेव्हा त्या सहीची किंमत या कलमाने आधीच शून्य करून ठेवली आहे, हे त्या कामगाराला कुणीतरी सांगायला हवे.

रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे. या कायद्यातले उणेही तितक्याच स्पष्टपणे दिसते. दहा दिवसांपर्यंतच्या दुखापतीला भरपाई नव्हती. दारूच्या अमलाखाली असेल, हुकूम मुद्दाम मोडला असेल, यंत्राचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले असेल, तर भरपाई नाही. आणि असे झाले होते हे सांगायला साक्षीदार बहुधा मालकाचेच. शेतमजूर कायद्याच्या बाहेर. ‘यांतली कमी असेल ती’ या शब्दांनी वरची मर्यादा पक्की केली. रॉयल कमिशन ऑन लेबर १९२९मध्ये नेमले गेले, जे. एच. व्हिटली त्याचे अध्यक्ष, आणि जोशी त्याचे सदस्य. १९३१च्या अहवालातल्या शिफारशींवरून १९३३मध्ये हा कायदा बदलला. दहा दिवसांचे सात झाले, पुढे तीन झाले. सभागृहात मांडलेला विषय कमिशनमध्ये जातो, कमिशनमधून परत सभागृहात येतो, आणि तीन दिवसांची मजुरी कुणाच्यातरी घरात वाचते. जोशींच्या कामाची गती ही अशी होती.

अनुसूचीही पुढे वाढली. आजच्या यादीत उजव्या-डाव्याचा भेद नाही. अंगठ्याचे २५चे ३० झाले. पूर्ण बहिरेपण ५०वरून १०० टक्क्यांवर गेले. आणि चेहरा अतिशय गंभीरपणे विद्रूप झाला तर तेही १०० टक्के अपंगत्व धरले गेले. ही नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. हात शाबूत, पाय शाबूत, डोळे शाबूत. पण भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसाला काम कोण देतो? अपंगत्व केवळ शरीरात नसते, ते समोरच्याच्या नजरेतही असते, हे एका यादीने मान्य केले. १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबत या खटल्यात त्याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची कुवत पूर्ण गेली असे न्यायालयाने धरले. यादी हा शेवट नाही, सुरुवात आहे, असा याचा अर्थ. २००९च्या दुरुस्तीत कायद्याचे नाव बदलून तो कर्मचाऱ्यांचा झाला. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो आपल्यात सामावून घेतला. पण मरणापेक्षा अपंगत्वाला अधिक, हे सूत्र टिकले: पुढच्या सुधारलेल्या हिशोबात मृत्यूसाठी पगाराच्या ५० टक्क्यांचा पाया आहे, पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्क्यांचा.

आता खोलीकडे. भरपाईचे पैसे घेऊन कामगार जातो कुठे? १९२१-२२च्या सुमारास मुंबईच्या कामगार कार्यालयाने केलेल्या पाहणीत कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के एका खोलीत राहत होती. त्याच काळात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) चाळी उभारायला घेतल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती, सुमारे १६ हजार खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, तळमजला आणि वर तीन मजले, संडास मजल्यावर सामाईक. पहिल्या काही वर्षांत पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि काही ठिकाणे गिरणीपासून लांब होती. घर बांधणे आणि माणसाला घर मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईने तेव्हाच पाहिले.

व्हिटली कमिशनच्या अहवालाने घरांचा प्रश्न कामगाराच्या आरोग्याशी, मजुरीशी आणि कामावर टिकण्याशी जोडला. गुडघ्यातून पाय गेलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर राहत असेल, पाणी खालच्या नळावर आणि संडास लांबच्या टोकाला असेल, तर अनुसूचीने दिलेल्या ६० टक्क्यांचा अर्थच बदलतो. जिना त्याचे उरलेले ४० टक्केही खाऊन टाकतो. हात आणि खोली एकत्र वाचायची ती अशी. डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. त्या रस्त्यावरच्या ३२ बीडीडी चाळी याच योजनेतल्या, आणि आता १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देणारा पुनर्विकास म्हाडा करते आहे. पुनर्विकासाच्या उंच इमारतीत लिफ्ट असेल. ती चालू राहील का, रॅम्प असेल का, दार चाकाच्या खुर्चीइतके रुंद असेल का, हे प्रश्न जोशींच्या नावाच्या रस्त्यावर तरी विचारले गेले पाहिजेत.

तिसरा विषय संघटनेचा. १९२०मध्ये मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यात तिथल्या उच्च न्यायालयाने कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर मनाई हुकूम बजावला. कामगारांना एकत्र आणणेही बेकायदेशीर ठरू शकते, हे उघड झाले. १ मार्च १९२१ रोजी जोशींनी केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला: कामगार संघांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावे, यासाठी सरकारने लवकरात लवकर कायदा आणावा. ठराव लहान आहे. पण त्यात नोंदणी आणि संरक्षण यांची केलेली जोडी महत्त्वाची. नुसती नोंदणी मागितली असती तर सरकारला ती आवडली असती, कारण नोंदणी म्हणजे यादी आणि यादी म्हणजे नजर. नुसते संरक्षण मागितले असते तर सभागृहाने ते उडवून लावले असते. दोन्ही एका वाक्यात ठेवल्याने एक स्वीकारून दुसरे टाकता येईना. ठराव मंजूर झाला, आणि पाच वर्षांनी, १९२६मध्ये, ट्रेड युनियन कायदा झाला. अनुसूचीतला आकडा मिळवायला एकट्या कामगाराला आयुक्तांपर्यंत जाता येत नाही. अर्ज लिहून देणारा, तारखेला सोबत येणारा संघ लागतो. त्या अर्थाने १९२१चा ठराव ही १९२३च्या यादीची अट होती.

यांतले हात आणि खोली हे दोन विषय आपल्या काळातल्या एका कायद्यात एकत्र भेटतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम राज्यसभेत १४ डिसेंबर २०१६ला आणि लोकसभेत १६ डिसेंबर २०१६ला मंजूर झाला. नोटबंदीच्या गदारोळात वाहून गेलेल्या त्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी लोकसभेचे सगळे बाक या एका विषयावर एकत्र आले. १९९५च्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वे होती, इथे २१ झाली. जोशींचा वारसा मनात ठेवून मी या कायद्याची तीन कलमे वाचतो.

कलम ५ म्हणते की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे; अमुक एका प्रकारच्या निवासातच तिने राहावे अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, आणि घरपोच मदतीसह समाजातल्या सेवा तिला मिळाव्यात, यासाठी सरकारने झटावे. १९२३च्या यादीला माणूस कमावणारा म्हणून दिसत होता. कलम ५ला तो शेजारी म्हणून दिसतो. कलम २४ सामाजिक सुरक्षेचे: इतरांना मिळते त्यापेक्षा दिव्यांगांना त्याच प्रकारच्या योजनेत किमान २५ टक्के जास्त मिळावे. ३० आणि ४२च्या हिशोबामागची समज इथे पुन्हा भेटते: अपंगत्वासह जगायला अधिक लागते. कलम ३७ घराचे: शेतजमीन आणि घरे वाटणाऱ्या सर्व योजनांत ५ टक्के राखीव, त्यात स्त्रियांना प्राधान्य, घर, निवारा, व्यवसाय यांसाठी सवलतीच्या दराने जमीन देतानाही ५ टक्के.

या कायद्यातही निसटत्या जागा आहेत. सामाजिक सुरक्षा सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत द्यायची आहे. कायद्याने सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायला सांगितल्या, पण २०१७च्या नियमांपैकी नियम १५ने जी मार्गदर्शक तत्त्वे पुढे केली, ती बऱ्याच अंशी शिफारशीच्या भाषेत होती. स्वतः दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हे बरोबर हेरले. कायदा बंधनकारक आणि नियम सल्ला देणारा, हे चालणार नाही, असे सांगून नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष करायला सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. तो निकाल लिहिणारे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. बारकाईच्या वाचनाला इतके मोठे फळ क्वचित मिळते.

आता आमचे लोणी काळभोर. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. शासनाचे हे बंधन ग्रामसभेत वाचून दाखवायला हवे, आणि त्या वर्षी किती जमा, किती खर्च, कुणावर खर्च, हे विचारायला हवे. घरकुलाच्या यादीत कलम ३७ प्रमाणे ५ टक्के आहेत का, हे पाहायला हवे. ग्रामपंचायतीचे कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, तलाठ्याचे कार्यालय, लोणी रेल्वे स्टेशनचा फलाट, महामार्ग ओलांडायची जागा, हे सगळे एखाद्या चाकाच्या खुर्चीवरून पार करता येते का, याची यादी करायला हवी. १९२३च्या अनुसूचीसारखीच: एका बाजूला जागा, दुसऱ्या बाजूला आकडा. किती इंच पायरी, किती फूट दार. आणि तेलाच्या टाक्यांपासून गोदामापर्यंत ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला सांगायला हवे की त्याचा हात हा मूळ मालकाच्या जबाबदारीचा भाग आहे.

आपण आमदार-खासदारांचे मोठे भाषण ऐकून टाळ्या वाजवतो. ना. म. जोशींचे काम वाचल्यावर माझी अपेक्षा बदलली. दिव्यांगांसाठी, घरांसाठी, वस्तीसाठी सभागृहात उभा राहणारा सदस्य मला कळकळीइतकाच काटेकोर हवा. त्याच्या प्रश्नात कलमाचा क्रमांक हवा, मुदत हवी, रक्कम हवी, आणि उत्तर गोलमाल आले तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा हवा. जोशी ज्यांच्यासाठी बोलत त्यांना मत नव्हते, तरी ते पाव शतक विचारत राहिले. लोणी काळभोरच्या प्रत्येक प्रौढ माणसाला आज मत आहे. अंगठ्याचे २५चे ३० व्हायला, बहिरेपणाचे ५०चे १०० व्हायला, दहा दिवसांचे तीन व्हायला ज्यांनी दशके घालवली, त्यांनी आपल्या हातात रीत दिली आहे. ती रीत वापरून ५ टक्क्यांचा हिशोब मागणे, हे आता आपले काम आहे.